बदकगल्लीची चौदा घरे

मित्रांनो, मी एक जुनी आकडी आहे. झाडावरची सफरचंदे उतरवायची नाजूक आकडी नव्हे. माझा दांडा अठरा फूट लांब आहे आणि तोंडाशी हातभर लांबीचे वाकडे लोखंड आहे. पेटलेले गवती छप्पर ओढून खाली पाडायचे आणि आग पुढच्या घराला लागू द्यायची नाही, एवढ्यासाठी मला घडवले. डॉर्सेट परगण्यातल्या मार्लहे गावात, चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, वळचणीखाली मी टांगलेली आहे.

माझा जन्म एका वाईट दिवसामुळे झाला. सतराशे त्र्याण्णवचा ऑगस्ट होता. कापणीसाठी सगळा गाव शेतावर गेला होता. भटारखान्याच्या धुराड्यातून एक ठिणगी उडाली आणि माणसे धावत येईपर्यंत नऊ घरे जळून गेली. एका घरात एक म्हातारा-म्हातारी होती. ती बाहेर आलीच नाहीत. महिनाभराने एलायस हॅन नावाच्या लोहाराने घरोघर फिरून लोखंड मागितले. कुणी मोडका फाळ दिला, कुणी चाकाची धाव दिली. ज्यांच्याकडे काहीच उरले नव्हते, त्यांनी आपल्या घराच्या राखेतून खिळे वेचून आणले. ते सगळे माझ्या अंगात आहे. म्हणून मी स्वतःला कुणा एकाची कधी समजले नाही. मी गावाची होते.

पुढच्या साठ वर्षांत मी सात आगी पाहिल्या. आरडाओरडा झाला की माणसे धावत चर्चकडे येत, मला खांद्यावर घेत आणि पळत सुटत. आग विझली की मला ओढ्यावर नेऊन धूत. लहान मुले माझ्या लोखंडाला हात लावून जात. त्याने घराला आग लागत नाही, असे त्यांच्या आया सांगत.

या कामात जोब लेगसारखा माणूस मी पाहिला नाही. जोब शेतमजूर होता, मान बैलासारखी, बोलणे कमी. छपराला कुठून धरायचे ते त्याला बरोबर कळे. आढ्याला धरले तर नुसते गवत हातात येते. वासे भिंतीवर टेकतात तिथे धरावे लागते. केझाया गॉलपच्या घराला आग लागली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. केझायाचा नवरा त्याचा दोस्त होता. घरात दोन तान्ही पोरे होती. जोबने मला नेमक्या जागी रुतवले, माझ्या कडीला बांधलेला दोर आठ जणांनी ओढला, जळता भाग अंगणात कोसळला आणि उरलेल्या अर्ध्या छपराखालून केझाया पोरांना घेऊन बाहेर आली. पुढे ते छप्पर जोबनेच शाकारून दिले. अर्धे गवत जुने, अर्धे नवे. लांबूनही ते घर ओळखू येई.

मग पंचवीस वर्षे गेली. केझायाचा नवरा वारला, पोरे मोठी होऊन समुद्रापार गेली. आणि मार्लहेवर एक वेगळेच संकट आले. त्या काळी कायदा असा होता, की माणूस ज्या गावात वर्षानुवर्षे राहिला त्याच गावाने त्याला म्हातारपणी पोसायचे. गावातली जमीन आणि घरे ज्याची, त्या जमीनदारावर तो भार मुख्यतः पडे. मग जमीनदाराच्या बैठकीत कुणाला तरी सुचले, की गावात घरच नसेल तर गरीब राहील कुठे? मजूर तर हवेतच. त्यांनी सहा मैलांवरच्या शहरात राहावे आणि रोज चालत यावे.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी जमीनदाराचा कारभारी पर्किस जोबला घेऊन माझ्या भिंतीपाशी आला.

"लेग, ही काढ खाली."

जोबने टोपी काढली. "आग कुठं लागलीय साहेब?"

"आग नाही. बदकगल्ली मोकळी करायचीय. टोकापासून सुरुवात कर."

"टोकाला केझायावहिनीचं घर आहे."

"घर तिचं नाही. ती त्यात राहते, एवढंच."

जोब टोपी हातात फिरवत उभा राहिला. पर्किस चर्चच्या फाटकाकडे बघत म्हणाला, "तुझं घर ते पलीकडचं ना? चांगलं आहे. पोरं पाच ना तुला?"

"पाच."

"तू नाही म्हणालास तर सुरुवात तिथून करू. मला दोन्ही सारखंच."

जोबने मला खाली काढले. त्याच्या हाताला घाम होता. आगीकडे पळतानाही त्याच्या हाताला कधी घाम आलेला मला आठवत नाही.

बदकगल्लीत सगळे दारात उभे होते. केझायाने एक खुर्ची, एक गाठोडे आणि टोपलीतली कोंबडी बाहेर आणून ठेवली होती. ती स्वतः मात्र आतच होती.

"वहिनी, बाहेर या," जोब म्हणाला.

"आले. चूल विझवते. पेटती चूल टाकून घराबाहेर पडू नये, असं तूच सांगायचास ना पोरांना?"

ती बाहेर आली, खुर्ची ओढून गल्लीत बसली आणि तिने कोंबडी मांडीवर घेतली.

"कुठून धरणार?"

"वासे टेकतात तिथून."

"मागच्या खेपेलाही तिथूनच धरलं होतंस."

"तेव्हा आग होती वहिनी."

"आणि आता काय आहे?"

जोबने दोर बरोबरच्या गड्यांच्या हाती दिला. त्यांतला एक म्हणाला, "जोबदादा, जपून ओढ बरं का. आत उंदीर आहेत. जगलेवाचले तर त्यांनाही गावानंच पोसायचं." कुणी हसले नाही. तोही हसला नाही.

मला वाटले, आपण निसटावे. वाशावरून घसरावे. पण लोखंडाला स्वतःचे मन चालवता येत नाही. जोबने मला रुतवले आणि मी धरून राहिले. पहिल्या ओढीला नवे गवत आले. दुसऱ्या ओढीला जुने आले, त्याला अजून त्या आगीचा वास होता. शेवटी धुराडे पडले आणि विटांमधून एक लहानसा चामड्याचा जोडा घरंगळत आला. घराला नजर लागू नये म्हणून कधीकाळी कुणी तो आत चिणला होता. केझाया उठली, तिने तो झटकला आणि टोपलीत ठेवला. मग खुर्ची डोक्यावर घेऊन शहराच्या वाटेला लागली. जोब म्हणाला, "खुर्ची मी आणून देतो." ती म्हणाली, "तू आज पुष्कळ केलंस."

पुढच्या दोन वर्षांत बदकगल्लीची चौदाही घरे आम्ही पाडली. हो, आम्ही. जोब आणि मी. त्या घरांतली माणसे आता पहाटे अंधारात शहरातून निघत आणि आपल्याच मोडक्या चुलींवरून चालत शेतावर जात. मला खांद्यावर पाहिले की बायका मुलांचे हात धरून आत नेत. जोबला कुणी 'बरं आहे का' विचारीनासे झाले.

केझाया शहरात एका खोलीत दोन कुटुंबांबरोबर राहत होती. दुसऱ्या हिवाळ्यात तिचा खोकला बळावला. खोलीवाल्यांनी तिला निराधारांना ठेवायच्या गरीबखान्यात पोचवले आणि तिथेच ती वारली. तिला पुरायला मार्लहेला आणले, कारण मेल्यावर ती आमच्याच गावची होती. उत्तरेच्या भिंतीकडे ऊन येत नाही, म्हणून तिकडे गरिबांना पुरतात. थडग्यावर दगड नव्हता. खड्डा जोबने खणला. कुणी सांगितले नव्हते. माती लोटून झाल्यावर तो माझ्याखाली भिंतीला टेकून बसला. त्याने वर पाहिले नाही.

तीन वर्षांनी पर्किस पुन्हा आला.

"लेग, आता तुझं."

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता."

"सुरुवात तिथून करणार नाही म्हणालो होतो. शेवट कुठं करणार ते कधी बोललो?"

जोबने दोरावर कुणालाही बोलावले नाही. आपले घर त्याने दोन थोरल्या पोरांना घेऊन तीन दिवसांत पाडले. वासे नीट रचून ठेवले. मग मला आणून टांगले, तेलाच्या फडक्याने पुसले, आणि तो गेला. पुढे त्याचे काय झाले, ते मला कुणी सांगितले नाही.

नंतर कौलारू छपरे आली, आग विझवायचे बंब आले. मी शंभर वर्षे गंजत पडले. चिमण्यांनी माझ्या कडीत घरटी केली. मग एके वर्षी काही हौशी मंडळींनी मला घासले, काळा रंग दिला आणि खाली एक पाटी लावली: 'या आकडीने मार्लहेची घरे आगीतून वाचवली.' पाटी खोटी नाही. पण तेवढीच आहे.

मागच्या वसंतात ऑड्री स्टिकलंड नावाच्या निवृत्त शिक्षिका आल्या. गावोगावचा इतिहास गोळा करायचा त्यांना नाद. त्यांच्याजवळ जुन्या नकाशाची प्रत होती. चर्चची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना त्यांनी विचारले, "या गल्लीत चौदा घरं दाखवलीयत. आता तर नुसती मेंढ्यांची कुरणं आहेत. घरं गेली कुठं?"

"पडली असतील आपोआप," गृहस्थ म्हणाले. "मातीची घरं ती. माणसं कामासाठी शहरात गेली, घरं पडली. सगळीकडे असंच झालंय."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. पाटी वाचली. क्षणभर मला वाटले, यांना कळेल. मग त्यांनी वही उघडून लिहिले, 'घरे आपोआप पडली,' आणि त्या चहाला गेल्या.

मित्रांनो, मला तेल लावा, माझा रंग जपा, असे मी सांगणार नाही. ते सगळे होते आहे. तुम्ही एखाद्या जुन्या गावात गेलात आणि मोकळ्या कुरणात गवताखाली चौकोनी उंचवटे दिसले, तर तिथे कोण राहत होते ते विचारा. एकाला विचारून थांबू नका. घरे आपोआप पडली असे कुणी म्हणाले, तर वही लगेच मिटू नका. मी पंधरा घरे पाडली आहेत. त्यांतले एकही आपोआप पडले नव्हते.