उघडा कोपरा

"कुनी शिवला ह्यो कोपरा?"

मी दारातनंच वरडले. डोईवरची घागर अजून खाली ठिवली नव्हती. समोर वलनीवर माजी वाकळ पसरलेली, आन् तिचा उजवा कोपरा, इतकी वर्सं मी उघडा ठिवलेला कोपरा, बारीक टाक्यानं बंद! माजी नणंद केराबाई चुलीम्होरं बसून हसत हुती. तिला वाटलं मी खुशीत वरडतीया.

"मी शिवला की, वैनी! भाकरीचा तुकडाबी घातलाय आत. भरलं बाई एकदाचं तिचं पोट! शेजारच्या तेलंगी विनकऱ्यांच्या घरात गूळसुदीक वाटून आले."

माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडं वाकळ पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा आन् मग टाका मारायचा. तवर ती वाकळ भुकेली, म्हंजी काम चालू हाय. एकदा का भाकर आत गेली, संपलं. मग तिला नवी चिंदी कुनी जोडत न्हाय. ह्ये बाळंतघरातल्या पोरीलाबी ठावं असतंय, केराबाईला न्हाय व्हय? तिला चांगलं ठावं हुतं, म्हनून तर मी पेटले.

ही वाकळ काय थंडीसाठी शिवलेली न्हाय. आमचं मालक, लोक त्यास्नी तात्याबा मुकादम म्हनत्यात, रेल्वेच्या लायनीवर ग्यांगचं मुकादम हुतं. आज केम, उद्या जेऊर, परवा होटगी. बदली आली की भांडी बोचक्यात बांधायची आन् निगायचं. पयल्यांदा केम सोडलं तवा मी लई रडले. शेजारची वच्छला, तिलाबी रडू आवरंना. तिनं अंगावरच्या जुन्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आन् चिंदी माज्या हातात दिली. म्हनली, "मला काय तुज्यासंगं येता येत न्हाय बजाबाई, ही तरी ने."

ती चिंदी घिऊन जेऊरला आले. तितं कुनाची वळख न्हाय, बसून बसून काय करायचं? एक दिस डोस्क्यात आलं आन् सुई घेतली. मदोमद काळ्या चंद्रकळेची लांब पट्टी लावली, ती झाली लायन. तिच्या अंगाला वच्छलाची तांबडी चिंदी, ते केम. जेऊर सोडताना फुलाबाईकडं मागून घेतली, हिरवी, शेनाचा डाग पडलेली. डाग मी मुद्दाम वरल्या अंगाला ठिवला, कारन फुलाबाई म्हंजी शेन आन् गवऱ्याच. होटगीच्या जगदेवीनं इरकली लुगड्याचा काठ दिला. नवं कापड कुनाकडनं घेतलं न्हाय. अंगाला घासून घासून मऊ झालेलंच पायजे. मला अक्षर वळखत न्हाय, पर कुटल्या हिरीवर पानी भरलं, कुनाशी भांडले, कुनी बाळंतपनात डिंकाचा लाडू आनून दिला, ह्या वाकळंवरनं हात फिरवला की समदं सांगते.

आन् तरीबी ऐका! गाडीत बसले ती निस्ती बदलीपुरती. बाकी जलमभर दारावरनं गाड्या गेल्या, मी भांडी घासत बघत बसले. जगदेवीचं माहेर विजापूर. ती सांगायची, तितल्या गोलघुमटात एक हाक मारली की सात येळा परत येती. मी म्हनलं, अगं बया, आमच्या घरात सात येळा हाक मारली तरी एकदा ओ येत न्हाय, ह्ये तर बघायलाच पायजे! होटगीस्नं लहान गाडी थेट विजापूरला जाती. मालक दरवक्ती म्हनायचं, "नोकरी सुटू दे. शेवटचा पास मिळतोय दोघांस्नी. नेतो तुला."

म्हनून कोपरा उघडा हुता. विजापूरच्या चिंदीसाठी.

सोलापुरातला गोऱ्या सरकारचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्सं झाली आसतील, तवा मालकांची नोकरी सुटली. सोलापुरात खोली घेतली, चहूकडं मागांचा खडखडाट. पास आला. त्यावर माजं नावबी हुतं. मी टेसनातल्या बाबूला इचारून आले, बायकू एकली गेली तर चालंल का, त्यो म्हनला चालंल. मालकांनी पास कोनाड्यात ठिवला आन् खाटंवर आडवं झालं. आज ऊन लई हाय. उद्या गुडघा दुकतोय. परवा बघू. पास आता चार दिसांत संपनार, आन् ही बया कोपरा शिवून गूळ वाटत फिरतीया!

"वन्सं," मी म्हनलं, "तुमाला कुनी सांगितलं शिवायला?"

"दादानं की." तिचं हसू आता उतरलं. "म्हनला, तिची फिरती संपली, बंद करून टाक."

घागर मी अशी आदळली की पानी चुलीपातुर गेलं. मालक भाईर खाटंवर तंबाखू मळत हुतं.

"अवो, कुनाची फिरती संपली?"

"तुजीबी, माजीबी." वर बघितलंसुदीक न्हाय.

"आन् पास?"

"काय हाय त्या घुमटात? दगूडच की! आगं, ती लायन मी पायानं तुडवलीया. उन्हात, चिखलात. आता रूळ दिसला तरी मी तोंड फिरवतोय. मला न्हाय जायाचं कुटं."

मालक खरं बोललं, न्हाय कशाला म्हनू? त्यांच्या टाचांच्या भेगांत मी सोता मेण भरलंय. घटकाभर वाईट वाटलं. पर राग काय हलला न्हाय. दमलासा तर बसा की! तोंडानं सांगा, बजा, मला जमत न्हाय. ते न्हाय. माज्या माघारी, माज्याच वाकळंच्या तोंडात भाकर कोंबून मोकळं!

"तुमी चाललासा म्हनून दमलासा," मी म्हनलं. "मी कुटं चालले? तुमच्या मागनं बोचकी उचलली निस्ती. ह्यातलं एक तरी गाव मी निवडलंय का? सांगा की! एक निवडलं, तेबी शिवून टाकलंसा."

मी आत गेले, वाकळ वढली आन् दातानं टाका तोडला. केराबाई धावली.

"वैनी, नगा! भाकर घातलेली वाकळ उसवू नये, घर उपाशी ऱ्हातंय!"

"ऱ्हाऊ द्या. मी कवाची उपाशीच हाय, तवा कुनाला कळवळा आला न्हाय."

भाकरीचा तुकडा भाईर काढला आन् मालकांच्या तळहातावर ठिवला, तंबाखूवरच. "घ्या. पोट तुमचं भरलंय, तुमीच खावा."

मग चार भाकरी आन् ठेचा फडक्यात बांधला. कोनाड्यातनं पास घेतला. वाकळ काखंत मारली.

"एकली जातीस? लोक काय म्हनतील?"

"म्हनतील मुकादमाची बायकू विजापूरला गेली. खोटं हाय का काय?"

उंबऱ्यापातुर गेले आन् थांबले. आजवर गाव सोडताना मी रिकाम्या हातानं निगाले न्हाय. मागं ऱ्हानारीकडनं चिंदी घ्यायची, ही माजी रीतच हाय. मी हात पसरला.

केराबाई मुसमुसत आपला पदर फाडाय लागली.

"तुमची नगं वन्सं. ह्येंची."

"माजी?" मालक उठून बसलं. "आगं, ती तर गाव सोडताना घेतीस तू."

"व्हय. आज तुमी मागं ऱ्हानार, मी जानार. द्या. अंगावरची, जुनी."

ते माज्याकडं बघत ऱ्हायलं. आता वरडत्यात म्हनून मीबी कंबर कसून उभी. पर त्यांनी डोईचा पटका सोडला. ऊन खाऊन खाऊन त्येचा रंग गेलेला. त्यांच्या हातानं फाटंना. शेवटाला त्यांनीबी दातच लावला. चिंदी दिली ती माज्याकडं न बघताच.

"कुटं लावशील?" बारीक आवाजात इचारलं.

"होटगीच्या म्होरं. विजापूरची जागा सोडून."

चिंदी पदरात बांधली आन् निगाले. माग खडखडत हुतं, विनकऱ्यांच्या बायका दारात येऊन बघत हुत्या. गल्लीच्या तोंडाला पोचले तवा मागनं मालकांची हाक आली. "बजा!" मग आनी एकदा. मी ओ दिली न्हाय.