वेलीवर लिहिलेली ओळ

खर्र, खर्र, खर्र. मी ऐकलेला पहिला आवाज हा. पॉलिश पेपर माझ्या अंगावरून फिरत होता. फिरवणारा माणूस मधूनच थांबायचा आणि कुठे कुसळ राहिलं आहे का ते तळहातानं चाचपून बघायचा. इतक्या मायेनं मला नंतर कोणी हात लावला नाही.

मी एक फलक. तीन जुन्या फळ्या जोडून केलेला, दाराएवढा रुंद आणि माणसाच्या छातीएवढा उंच. माझ्यावर कितीतरी वाक्यं लिहिलेली आहेत, पण ती सगळी दुसऱ्यांची. माझं स्वतःचं असं आजच बोलतोय. सवय नाही, तेव्हा जरा सावकाश सांगेन.

मला करून घेतलं कोर्टातल्या शिरस्तेदारांनी. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले सगळ्यात मोठे कारकून. त्यांच्या खिडकीशी दिवसभर रांग असे आणि रांगेतली निम्मी माणसं एकच गोष्ट विचारत, की साहेब, या कागदात काय म्हटलंय? शिरस्तेदार मनानं भले, पण तेच तेच सांगून त्यांचा घसा बसायचा. शेवटी त्यांनी ठरवलं की कोर्टातले नेहमीचे अवघड शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ एका फलकावर रंगवून खिडकीसमोरच लावायचे. मजकूर त्यांनी स्वतः लिहिला. रंगवायला बोलावलं एका रंगाऱ्याला.

रंगारी अबोल माणूस. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर असं की वाचणाऱ्यानं थांबावं. न समजलेला शब्द तो रंगवत नसे. कुंचला हवेत धरून विचारायचा.

"तहकूब म्हणजे काय हो, साहेब?"

"म्हणजे सुनावणी पुढे ढकलली."

"म्हणजे आज नाही."

शिरस्तेदार हसले. "लिहा तसंच."

म्हणून माझ्यावर लिहिलं गेलं, 'तहकूब : आज नाही, पुढच्या तारखेला.' 'कैफियत : तुमच्यावर जे म्हटलंय त्याला तुम्ही दिलेलं लेखी उत्तर.' 'एकतर्फी : एक बाजू आलीच नाही, म्हणून दुसरीचंच ऐकून दिलेला निकाल.' 'प्रतिज्ञापत्र : शपथेवर लिहून दिलेलं. खोटं लिहिलं तर शिक्षा.' शब्द लाल, अर्थ काळे. खटला जसा पुढे सरकतो त्याच क्रमानं शब्द घेतले होते. पहिला समन्स आणि अगदी शेवटचा अपील.

मजकुराच्या आधीच रंगाऱ्यानं माझ्या चारही कडांनी एक हिरवी वेल काढली होती. चार बोटं रुंद, पानं अशी की वारा आला तर हलतील. शिरस्तेदार म्हणाले, "कोर्ट आहे हो हे, बाग नाही." पण पुसा म्हणाले नाहीत. मलाही ती वेल फार आवडली होती. आज हे सांगताना मान खाली जाते.

कारण घोळ तिथेच झाला. अपीलपर्यंत येता येता जागा संपली. शिरस्तेदारांच्या कागदावर दोन वाक्यं होती. 'निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. मात्र निकालापासून एका महिन्याच्या आत.' पहिलं वाक्य बसलं. दुसऱ्याला जागा हवी तर खालची वेल पुसावी लागणार होती.

"पुसू का?" रंगाऱ्यानं विचारलं.

शिरस्तेदारांनी वेलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "राहू दे. मुदतीचं काय, वकील सांगतातच."

आणि मला आनंद झाला. वेल वाचली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर चढलो. समोर खिडकी, खाली एक लांब बाक. लोक वाचू लागले. कोणी मोठ्यानं, कोणी ओठ हलवत, कोणी शेजाऱ्याच्या तोंडून. एक म्हातारबुवा 'तारीख : ज्या दिवशी कोर्टात यायचं तो दिवस' हे वाचून म्हणाले, "आणि हात हलवत परत जायचं तोही." बाकावर हशा पिकला. मी भिंतीवर फुगून बसलो होतो. रांग खरंच कमी झाली. आपण केवढ्या कामाचे, असं मला वाटायचं.

दोनेक वर्षांनी त्या बाकावर एक बाई येऊ लागली. इस्त्रीवाली. उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. सोबत सहा-सात वर्षांची नात. ती तिला ठकी म्हणायची. ठकीची आई बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली होती आणि तेव्हापासून मुलीला आजीनंच वाढवलं होतं. आता बापाचं दुसरं लग्न झालं होतं, घर मार्गी लागलं होतं आणि त्यानं मुलीसाठी अर्ज केला होता. माणूस वाईट नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला अवघडून बसायचा, आजीला नमस्कारही करायचा.

आजी वाचायला उशिरा शिकली होती, ठकीच्याच पहिलीच्या पुस्तकावरून. वेळ घालवायला दोघी मला वाचत. लाल शब्द ठकीचे, काळे अर्थ आजीचे. ठकी पटकन म्हणायची, "ताबा!" आणि आजी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायची, "मूल... किंवा... घर... कोणाकडे... राहील ते." एकदा ती तिथेच थांबली. म्हणाली, "घर नि लेकरू एका ओळीत घातलंय बघ मेल्यांनी." पण रागानं नाही.

निकाल बापाच्या बाजूनं लागला. पहिल्या शनिवारी कोर्टाच्या आवारात आजीनं नातीला एक तास भेटावं, एवढं तिला मिळालं. तिला वकील कोर्टानंच दिलेले होते. चांगले होते, पण घाईतले. "मला येऊन भेटा," म्हणाले आणि दुसऱ्या दालनात पळाले. ठकी बापाचं बोट धरून गेली. सारखी मागे वळून बघत होती.

आजी रिकाम्या बाकाजवळ उभी राहिली. मग माझ्याकडे आली आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. 'निकाल पटला नाही तर वरच्या कोर्टात दाद मागता येते.' दोनदा वाचलं. तिच्या तोंडावर जरा रंग आला. मलाच म्हणाली, "मागता येते ना? मग आत्ता लगेच ओढाताण नको. शाळा नवी, घर नवं. परीक्षा होऊ दे पोरीची."

मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो. पण खरं सांगतो, मला तरी कुठे माहीत होतं काही? जे लिहिलं नाही ते मलाही ठाऊक नसतं.

परीक्षा झाली, तिचा निकाल लागला आणि आजी आली. चार महिने होत आले होते. खिडकीशी जाऊन म्हणाली, अपील करायचंय. शिरस्तेदारांनी तारीख बघितली आणि हलकेच सांगितलं, "बाई, मुदत तर केव्हाच गेली."

"कसली मुदत?"

"अपिलाची. एक महिना असतो."

"पाटीवर तसं नाही लिहिलेलं, साहेब."

शिरस्तेदार बाहेर आले. चष्मा लावून त्यांनी माझी शेवटची ओळ वाचली. मग आजीला बसवून पाणी दिलं. वकिलांना शोधून आणलं. उशीर माफ करावा असा अर्ज वरच्या कोर्टात करता येतो, त्यात कारण लिहावं लागतं, हे शिरस्तेदारांनीच समजावून सांगितलं. कारण लिहिलं गेलं ते खरंच होतं, की फलकावर मुदतीचा उल्लेख नव्हता, म्हणून अर्जदार थांबली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडण्याआधी शिरस्तेदारांनी रंगाऱ्याला बोलावलं. आणखी कोणी फसायला नको, म्हणाले. ते खरं होतं. "मला रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत, जाताना डाग नको," असंही म्हणाले. तेही खरं होतं.

"पण त्या बाईंचं काय, साहेब?" रंगाऱ्यानं विचारलं.

"त्यांचा अर्ज गेलाय. होईल त्यांचं."

रंगाऱ्यानं माझ्या तळाची वेल या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढऱ्या रंगाखाली घातली आणि त्यावर लिहिलं, 'मात्र निकालापासून एका महिन्याच्या आत.' फार सुंदर लिहिलं. बाकीच्या ओळींशी हुबेहूब मिळतं.

पंधरा दिवसांनी वरच्या कोर्टातून विचारणा आली की असा फलक आहे का, त्यावर नेमकं काय आहे, कळवावं. शिरस्तेदार कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या अहवालात एक शब्दही खोटा नव्हता. ओळ कधी लिहिली, ते कोणी विचारलं नव्हतं. मी ती ओळ छातीवर घेऊन ताठ उभा होतो. साक्षीदारच मी, आणि साक्ष तिच्या विरुद्ध.

अर्ज फेटाळला गेला. वकिलांनी तो हुकूम बाकावरच वाचून दाखवला. फलकावर मुदतीचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे अर्जदाराचं म्हणणं खोटं दिसतं, असं त्यात होतं. आजी उठली आणि माझ्यापाशी आली. ओळ तिथे होती. वेल डाव्या कोपऱ्यात तुटून उजव्या कोपऱ्यात पुन्हा सुरू होते, हे कोणाही डोळसाला दिसलं असतं. पण लोक अक्षरं वाचतात, पानं कोण बघतं?

मला वाटलं ती भांडेल. मी तिच्या भांडणाची वाट बघत होतो. ती वकिलांकडे वळून एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं असेल. उशिरा शिकले ना वाचायला."

चार पावलांवर रंगारी दालनाच्या दारावर नंबर रंगवत होता. त्यानं सगळं ऐकलं. कुंचल्यातून थेंब जमिनीवर पडत राहिला. तिला खोटं ठरवलं तेव्हा जे गप्प राहिले, त्यांत मी धरून आम्ही तिघे.

पहिले शनिवार मात्र चालूच राहिले. ठकी यायची, आजी तिचे केस विंचरायची, दोघी गप्पा मारायच्या. ठकी आता भराभर वाचायची, लाल आणि काळं दोन्ही. दहा वर्षांची असताना एकदा वाचता वाचता थांबली.

"आजी, इथं तर लिहिलंय एका महिन्याच्या आत. मग तू का नाही आलीस?"

"मला नीट वाचता येत नाही ग, ठके."

"एवढं मोठं लिहिलंय."

त्या दिवशी तास संपायच्या आधीच ठकीनं दप्तर उचललं. त्यानंतर ती येत राहिली, पण मोबाइलकडे बघत बसायची. आजीला आपण तेवढ्या हव्या नव्हतो, असं त्या लेकराच्या मनात बसलं होतं. मला ते दिसत होतं, कारण ते बसलं होतं माझ्यामुळे. पुढे बापाची बदली झाली आणि शनिवार बंद पडले.

शिरस्तेदार रिटायर झाले, मग वारलेही. आजी मात्र कोर्टात येते. वकिलांचे काळे कोट आता तिच्याकडेच इस्त्रीला असतात. मला गेल्या महिन्यात भिंतीवरून उतरवलं. माझ्या जागी काचेचा पडदा आलाय, त्यावर शब्द आपोआप सरकतात. मी रेकॉर्डरूमच्या दाराशी टेकून उभा आहे, तळाशी ओल धरलीय. वाचणाऱ्यांनो, सोपं करून सांगणं हे पुण्याचं काम आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण सोपं करताना जे गाळलं त्यावर कोणाचं तरी लेकरू टांगलेलं असू शकतं. कुठे सोपं लिहिलेलं वाचलंत तर एकदा खिडकीशी जाऊन विचारा, आणखी काही आहे का? आणि लिहिणारे असाल तर आधी मजकूर लिहा. वेल नंतर.

परवा रंगारी आला. मला मोडीत काढणार असं कोणी त्याला सांगितलं असावं. आता काठी टेकत चालतो. माझ्याजवळ उभा राहिला, पण हात लावला नाही. तो आजीची वाट बघत होता. ती हँगरला लावलेले कोट खांद्यावर टाकून आली, तशी तो म्हणाला, "ताई, जरा थांबा."

आणि त्यानं सांगितलं. फार शब्द वापरले नाहीत. ती ओळ तुम्ही वाचलीत तेव्हा नव्हती. नंतर लिहिली. मी लिहिली. तुमचं वाचणं बरोबर होतं.

आजीनं कोट बाकावर ठेवले. माझ्या तळाकडे वाकून पाहिलं. रंगाऱ्यानं काठीच्या टोकानं वेल कुठे तुटते ते दाखवलं.

"नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

रंगाऱ्यानं खिशातून एक कागद काढला. "शपथेवर लिहून आणलंय. प्रतिज्ञापत्र. सही-शिक्का करून."

"आता कुठल्या कोर्टात दाखवू?"

"कोर्टात नको. नातीला दाखवा."

आजीनं कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत. कडेला कडा जुळवून त्याची घडी घातली, अंगठ्यानं दाबून आणखी एक घडी घातली आणि पिशवीत सगळ्यात आत ठेवला. कोट खांद्यावर घेतले. रंगारी मान खाली घालून उभा होता, ती काही म्हणेल म्हणून. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चालती झाली.