दोन गावांची एक वही

मी सेनिसा बोलतेय. आमच्याकडे सेनिसा म्हणजे चुलीतली राख. माझा रंग तसाच, म्हणून मालकाच्या आईने हे नाव ठेवलं. जातीने मी खेचर. आई घोडी, बाप गाढव. खेचराला लोक हट्टी म्हणतात, पण आम्ही हट्टी नसतो, घाबरट असतो. पुढे धोका आहे असं वाटलं की आमचे पाय जमिनीला चिकटतात, आणि माणसं काठी उगारतात.

माझा जन्म वायकोपाता गावचा, पेरू देशाच्या डोंगरांत, आयाकुचो शहराच्याही वर. मालक तोरिबिओ. खालच्या बाजारातून मीठ, साखर, रॉकेल माझ्या पाठीवर लादून तो गावोगाव विकायचा. अबोल माणूस. धाकटा भाऊ मौरो अगदी उलटा. सतत हसायचा, गालाला खळी पडायची, आणि येता-जाता मला संत्र्याची साल भरवायचा. गावाखाली नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे सारावासी गाव. कुरणावरून दोन्ही गावांत जुनी धुसफूस होती, पण सणाला तिकडचा बँड इकडे वाजवायला यायचा. मला दोन्ही गावांतली दारं ठाऊक होती.

मग लढाई सुरू झाली. डोंगरात बंडखोर, खोऱ्यात लष्कर, आणि मध्ये आम्ही.

बटाटे काढायच्या दिवसांत एका सकाळी शिपाई वायकोपातात शिरले. बंडखोरांना जेवण कोण देतं, असं विचारत होते. तोरिबिओ धावत गोठ्यात आला आणि माझ्या पोटाखाली बसला. मी ओरडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी माझं तोंड धरून ठेवलं होतं. भिंतीच्या फटीतून त्याला अंगण दिसत होतं. शिपायांनी त्याच्या म्हाताऱ्या बापाला ओढत नेलेलं त्याने पाहिलं. शाळेमागे अकरा माणसं मारली गेली. मी ती पाहिली नाहीत, ऐकली.

"शिपायांना नावांची यादी सारावासीवाल्यांनी दिली," असं गाव म्हणू लागलं. कुणी पाहिलं नव्हतं, पण म्हणणारे रोज वाढत गेले. सारावासीत लष्कराने पहाऱ्यासाठी बंदुका वाटल्या होत्या, तेवढं पुरेसं झालं. मौरो डोंगरात बंडखोरांकडे निघून गेला.

महिन्याभराने एका पहाटे तो आला. आता तो हसत नव्हता.

"दादा, सेनिसाला नेतो. परवा आणून देतो."

तोरिबिओने दावं सोडून त्याच्या हातात दिलं. कशासाठी, असं विचारलं नाही. जे आधीच कळलेलं असतं ते माणसं विचारत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

माझ्या पाठीवर जड पोती होती. त्यांना लोखंडाचा आणि तेलाचा वास येत होता. सारावासीच्या चर्चसमोर मला निलगिरीच्या झाडाला बांधलं. पुढचं मी थोडक्यातच सांगणार आहे. बंडखोरांनी चौदा जणांना चौकात आणलं. त्यांत दोन बायका होत्या. एक म्हातारी मौरोच्या अंगावर विळा घेऊन धावली. तो बाजूला झाला आणि विळा माझ्या डाव्या कानावर बसला. मी दावं तोडायला पाहत होते, रक्त डोळ्यांत जात होतं, आणि चौकात एकेक आवाज बंद होत होता.

मौरोने मला परत आणलं. "काटेरी तारेत अडकली," तो म्हणाला. तोरिबिओने कानावर राख दाबली आणि मान हलवली.

पाच महिन्यांनी शहरातून वकीलबाई आल्या. त्यांचं नाव ओफेलिया. मानवी हक्कांच्या एका समितीकडून आल्या होत्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, डोंगर चढताना धापा टाकणाऱ्या. म्हणून तोरिबिओने त्यांना माझ्यावर बसवून वर आणलं. त्यांच्याजवळ एक जाड वही होती. तीन दिवस त्या आमच्या अंगणात बसून लिहीत होत्या. सगळ्यांना प्रश्न तेच. कोणता दिवस? तुम्ही स्वतः काय पाहिलं? दुसऱ्याकडून काय ऐकलं? पाहिलेलं आणि ऐकलेलं त्या वेगवेगळ्या पानांवर लिहायच्या. तोरिबिओने बापाचं सांगितलं. लोक रडले, त्यांना सूप दिलं, भाजलेला मका दिला. "ही आपली बाई," असं गाव म्हणालं.

चौथ्या दिवशी वकीलबाई म्हणाल्या, "उद्या मला सारावासीला जायचंय."

तोरिबिओची आई वेन्सेस्ला मका सोलत होती, तिने कणीस खाली टाकलं.

"तिकडे कशाला गं?"

"तिथे चौदा माणसं मेली, असं ऐकलं."

"माणसं? त्यांना माणसं म्हणतेस?"

"मेलेल्यांना दुसरं काय म्हणू, माय?"

"माझ्या नवऱ्याला ज्यांनी विकलं, त्यांच्या दारात जाणार? माझं सूप प्यायलीस ना तीन दिवस? अजून ओठ सुकले नसतील तुझे!"

"सूप प्याले, माय. त्याबद्दल ऋणी आहे. पण जायला हवं."

"मग पायी जा! आमचं जनावर मिळायचं नाही."

वकीलबाईंनी खरंच बुटांच्या नाड्या आवळल्या. तेव्हा तोरिबिओ उठला आणि त्याने माझ्यावर खोगीर चढवलं. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरले.

"एकटी गेली तर ही दरीत पडेल," तो म्हणाला. "आणि बाबांचं पान हिच्याबरोबर जाईल."

पुलाशी शिपायांची चौकी होती. त्यांचा वास आला आणि माझे पाय चिकटले. लेफ्टनंट पुढे आला. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने वही मागितली आणि उभ्या उभ्या चाळली.

"वा, बाईसाहेब. आमच्याबद्दल बरंच लिहिलंय."

"लोकांनी सांगितलं ते लिहिलंय."

"आणि आता सारावासी? छान! बंडखोरांनी काय केलं तेही जगाला कळू दे. तेवढं जरूर लिहा. ही आमच्याबद्दलची पानं मात्र इथे ठेवून जा. मी सांभाळतो."

"दोन्ही एकाच वहीत राहील," वकीलबाई म्हणाल्या. "अर्धी फाडली तर उरलेल्या अर्धीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. सारावासीचं जगाला कळावं असं वाटत असेल, तर वही अख्खी जायला हवी."

त्यांचा आवाज अगदी सपाट होता. पण त्यांच्या बोटांनी माझी आयाळ इतकी घट्ट धरली होती की केस मुळापासून उपटत होते. लेफ्टनंटने बंदुकीची नळी माझ्या कपाळावर टेकवली आणि हसून विचारलं, "आणि ही कुणाच्या बाजूची?" शिपाई हसले. नळी थंड होती. मग त्याने वही वकीलबाईंच्या मांडीवर टाकली.

"जा. पण छापाल तेव्हा लक्षात ठेवा, हा पूल एकच आहे. येण्याचा आणि जाण्याचा."

सारावासीच्या चौकात शिरलो तेव्हा ती निलगिरी तिथेच उभी होती. मी तिच्यापासून बाजूला सरले. बायका दारात आल्या, पहाऱ्यावरचे पुरुष बंदुका घेऊन आले. त्यांच्यातून एक म्हातारी पुढे झाली. काळा शेला, वाकलेली पाठ. तिचं नाव सातुर्निना. ती सरळ माझ्याकडे आली आणि तिने माझा फाटका कान हातात धरला.

"हा माझ्या विळ्याने कापलाय," ती म्हणाली. "हे खेचर त्या दिवशी इथे होतं."

बंदुका तोरिबिओकडे वळल्या. कुणीतरी त्याच्या पाठीत दणका घातला, तो गुडघ्यांवर पडला. "दोर आणा रे!" एक जण ओरडला. वकीलबाई माझ्यावरून उतरल्या, उतरल्या कसल्या, घसरून पडल्याच, आणि उठून तोरिबिओसमोर उभ्या राहिल्या. चष्मा एका कानावर लटकत होता.

"मी तुमच्या चौदा माणसांचं लिहून घ्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "याला मारलंत तर मला पंधराव्याचंही लिहावं लागेल, आणि ते तुमच्या नावावर लिहावं लागेल. आधी मला सांगा. माय, हा माणूस त्या दिवशी इथे होता का?"

सातुर्निना तोरिबिओजवळ गेली. त्याची हनुवटी धरून तिने त्याचा चेहरा वर केला. त्या म्हातारीचा नवरा आणि सून त्या चौदांत होते. तिने नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. कुणी तिला खोटारडी म्हटलं नसतं. ती बराच वेळ पाहत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "हा नव्हता. ह्याच्यासारखाच होता, पण वयाने कमी. बोलताना गालाला खळी पडत होती."

"नीट बघ गं, काकू!" मागून कुणी ओरडलं.

"नीटच बघितलं. तू घरात लपला होतास, मी इथे होते. जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही."

दोर परत गेला. मग सातुर्निना निलगिरीखाली बसली आणि संध्याकाळपर्यंत सांगत राहिली. प्रश्न तेच होते. कोणता दिवस? स्वतः काय पाहिलं? काय ऐकलं? वायकोपाताच्या पानांमागोमाग सारावासीची पानं भरत गेली. शेवटी वकीलबाईंनी तोरिबिओला विचारलं, "हे खेचर तुमचं. त्या दिवशी ते कुणाकडे होतं?"

तोरिबिओ जमिनीकडे पाहत म्हणाला, "चोरीला गेलं होतं."

त्यांनी तेच लिहिलं.

परत निघालो. पुलाच्या अलीकडे पाण्याशी मी थांबले, पण तोरिबिओने मला पाणी पिऊ दिलं नाही. दावं घट्ट धरून तो उभा राहिला.

"वकीलबाई, ते चोरीचं खोडा."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"मला काहीच माहीत नाही. तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं."

"बाबांना नेलं तेव्हा मी फटीतून पाहिलं. प्रत्येक शिपायाची चाल सांगितली तुम्हाला. एक शब्द खोटा नव्हता."

"म्हणून तर ते पान टिकेल," वकीलबाई म्हणाल्या. "पण या वहीत एक खोटं सापडलं, तर तो लेफ्टनंट तेवढंच सगळ्यांना दाखवत फिरेल. मग तुमच्या बाबांचंही खोटं, सातुर्निनाचंही खोटं." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही, तोरिबिओ. माझ्या मामेभावाला शिपायांनी नेलं, तेव्हापासून मीही रोज स्वतःला विचारते, की मी इकडे कशाला येते. मला खूप भीती वाटते."

तोरिबिओने माझ्या मानेवर कपाळ टेकवलं. त्याच्या छातीतली धडधड मला माझ्याच अंगात जाणवत होती. घोड्यांना, गाढवांना, आम्हाला भीती वाटली की आम्ही पळतो. माणसाला भीती वाटत असताना एका जागी उभं राहून बोलता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"मौरो," तो म्हणाला. "माझा धाकटा भाऊ. मीच दावं सोडून दिलं. तेही लिहा."

त्यांनी लिहिलं.

त्या वहीवरून अहवाल छापून आला तेव्हा आमच्याकडे कुणी सण केला नाही. लष्कराने रेडिओवर सांगितलं, ही बाई बंडखोरांची आहे. बंडखोरांनी चर्चच्या दारावर कागद चिकटवला, ही बाई लष्कराची आहे. दोघांनीही बाईंना मारायची धमकी दिली. वकीलबाईंना काही वर्षं देश सोडावा लागला. वेन्सेस्लाने तोरिबिओचं ताट चुलीपासून वेगळं केलं, आणि मरेपर्यंत त्याला नावाने हाक मारली नाही. गावातली माणसं आम्हाला पाहून थुंकायची. "भाऊ विकणारा," म्हणायची. शेवटी आम्ही खाली खोऱ्यात राहायला गेलो. मौरो पुढच्याच वर्षी एका चकमकीत मेला, असं कळलं. त्या दिवशी तोरिबिओ गोठ्यात माझ्याजवळ बसून होता. त्याने काही खाल्लं नाही, मलाही घालायचं विसरला.

लढाई संपली. मग पुष्कळ वर्षांनी सरकारने चौकशीसाठी माणसं पाठवली. हाडं उकरली गेली, आमच्या शाळेमागची आणि त्यांच्या चौकाजवळची. कुठे खणायचं हे त्या एका वहीतून कळलं. पुलावरच्या त्या लेफ्टनंटचं खरं नावही कागदावर आलं. त्याला शिक्षा झाली की नाही, हे मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तोरिबिओने मला घेतलं आणि पूल ओलांडला. खोगीर नव्हतं, माझी पाठ आता ते सोसत नाही. सातुर्निना दारात बसली होती. फार म्हातारी झाली होती, डोळ्यांवर पांढरा पडदा. तोरिबिओ हॅट हातात घेऊन उभा राहिला.

"मी तोरिबिओ, खेचरवाला. त्या दिवशी तुमच्यासमोर खोटं बोललो. तो माझा भाऊ होता. मौरो त्याचं नाव. वहीत नाव दिलं होतं, पण तुम्हाला सांगायला आलो नाही. धीर झाला नाही."

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"वीस वर्षं मी त्याला शिव्या देतेय," ती म्हणाली, "पण नाव नव्हतं माझ्याकडे. तो अहवाल मला कुणी वाचून दाखवला नाही. मौरो." तिने ते नाव तोंडात घोळवलं. "आहे का जिवंत?"

"नाही."

"तुमच्या आईने त्याला पुरलं?"

"सापडलाच नाही तो, माय."

सातुर्निनाने शेला डोक्यावरून पुढे ओढला. मग बाजूच्या दगडावर हात आपटून ती म्हणाली, "बस. उन्हातून आलायस."

तो बसला.

मी आता तीस वर्षांची होईन. दात गेले, एका डोळ्याने दिसत नाही, फार दिवस उरलेले नाहीत. मोटारीचा आवाज आला तरी अजून माझे पाय चिकटतात. तुमच्या दारात कधी कुणी वही घेऊन आलं, तर एवढंच करा, पाहिलं असेल तेवढं सांगा. आणि तो माणूस पुढे तुमच्या वैऱ्याच्या दारात जायला निघाला, तर त्याला अडवू नका. जमलं तर बसायला एखादं जनावर द्या. वाट चढाची असते.