हात भाजू नये म्हणून

मी एक जुनी सांडशी आहे. बंद पडलेल्या लोहारशाळेत, विझलेल्या भट्टीच्या वर, एका खिळ्याला लटकून असते. माझा एक दांडा वाकडा आहे. तो कसा वाकला तेच तुम्हाला सांगायचे आहे, मित्रांनो.

लोहाराची धाकटी बहीण सासरी गेली, त्या वर्षी माझा जन्म झाला. तोवर भाता तीच ओढत असे. ती गेली आणि तिच्या जागी लोहाराची नवी बायको बसली. पहिल्याच आठवड्यात तिने खाली पडलेला एक खिळा उचलला. दिसायला काळा, पण चांगलाच तापलेला. तिची बोटे पोळली.

"नवी आहेस. लोखंडाचा स्वभाव कळायला वेळ लागतो," लोहार म्हणाला.

"लोखंडाचं राहू द्या," ती बोटे पाण्यात बुडवून म्हणाली. "तुमचा तरी कुठं कळलाय अजून?"

लोहार हसला आणि त्याच दुपारी त्याने मला घडवले. दांडे तिच्या मुठीच्या बेताचे, तोंड जरा गोलाकार. पाण्यात बुडवल्यावर मी पहिल्यांदा चरचरले. "ही तुझी," तो तिला म्हणाला. "आता हात भाजला तर हिला विचार."

म्हणजे मित्रांनो, माणसाचा हात भाजू नये म्हणून मी जन्मले. एवढे लक्षात ठेवा.

पुढची वर्षे सुखाची गेली. खुरपी, कोयते, बिजागऱ्या, घोड्यांचे नाल, सगळे माझ्या तोंडातून गेले. जमीनदाराचे घोडे नाल ठोकायला आमच्याकडे येत. त्यांना घेऊन येणारा घोडेवाला हा परटिणीचा एकुलता एक मुलगा. मोठा बडबड्या.

"वहिनी, भाता ओढताय की डुलक्या काढताय?" तो दारातूनच विचारी.

"ही सांडशी दिसते ना हातात? डोकं फोडीन," वहिनी म्हणे. मग त्याला पाणी देई. हे रोजचेच होते. शेजारीपाजारी ऐकत आणि हसत.

एके दिवशी जमीनदाराच्या जावयाने सगळ्यांत देखणा घोडा बेफाम पळवला आणि लंगडा करून आणला. घोडेवाला चारचौघांत बोलून गेला, "जनावर आहे ते, जावईबापू. सासऱ्याची जमीन नव्हे, कशीही तुडवायला."

लोक फिदीफिदी हसले. जावई हसला नाही.

दुसऱ्या दिवशी घोडेवाला तबेल्यात सापडला. त्याची कवटी फुटली होती. दोन्ही हातांची बोटे मोडली होती, कारण त्याने मार चुकवायला हात आडवे धरले असणार. गवताला रक्त चिकटून ते ताठ झाले होते. घोडे त्याच्यापासून लांब, भिंतीला अंग चिकटवून उभे होते म्हणतात.

त्याची आई न्यायाधीशासमोर उभी राहिली. तिचे हात सोड्याने पांढरे पडले होते. ती म्हणाली, "साहेब, जावईबापूंचा अंगरखा काल माझ्याकडे धुवायला आला होता. रक्तानं भरलेला. शिकारीचं रक्त आहे म्हणाले. मी माझ्या हातानं घासघासून काढलं ते. माझ्याच लेकराचं."

"अंगरखा आता कुठं आहे?"

"वाळलाय. पांढराशुभ्र."

न्यायाधीशाने मान हलवली. आईचे बोलणे साक्षीत धरत नसत, आणि दुसरे कुणी तोंड उघडायला तयार नव्हते. तेव्हा त्या काळी जे करत तेच ठरले. खटला देवळात गेला.

मित्रांनो, तुम्हाला हे खरे वाटणार नाही. देवळाच्या अंगणात शेगडी पेटवत. तिच्यात लोखंडाचा गोळा लाल होईपर्यंत तापवत. लोहाराने तो सांडशीत धरून उभे राहायचे. मग पुजारी प्रार्थना म्हणे की देवा, खरे काय ते दाखव. प्रार्थना संपली की गोळा आरोपीच्या तळहातावर ठेवायचा. त्याने तो घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत चालायचे. मग हात बांधून त्यावर मोहोर लावत. तिसऱ्या दिवशी सोडत. हात स्वच्छ असेल तर माणूस निर्दोष. पू झाला असेल तर फास.

गोल तोंडामुळे गोळा माझ्यात नीट बसे, म्हणून लोहाराने मलाच नेले.

जावई पुढे आला. गोळा लालबुंद होता. पुजाऱ्याने प्रार्थना सुरू केली. आधी देवाची स्तुती, मग पूर्वजांची नावे, मग पुन्हा स्तुती. माझ्या तोंडातला गोळा लालाचा तांबूस झाला, तांबसाचा काळा, आणि प्रार्थना चालूच. शेवटी मला त्याची धग लागेनाशी झाली, तेव्हा पुजाऱ्याने डोळे उघडले. लोक सगळा वेळ माना खाली घालून उभे होते. देवासमोर वर कोण बघणार?

जावयाने गोळा घेतला, तोंड वेडेवाकडे केले आणि चालत गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा हात धडधाकट निघाला. देवाने न्याय केला म्हणून घंटा वाजल्या. परटीण पायरीवर बसून राहिली.

घरी आल्यावर लोहार बायकोला म्हणाला, "आज देवाला जरा वेळच लागला."

"मोठ्या घरचं काम," ती म्हणाली. "घाई करून कसं चालेल?"

दोघे हसले. ते त्यांचे शेवटचे हसणे.

कारण जावई निर्दोष, तर मग खुनी दुसराच कुणीतरी हवा. जमीनदाराची माणसे घरोघर फिरली. कुणीतरी सांगितले की लोहाराची बायको त्याला रोज म्हणायची, डोके फोडीन. सांडशी दाखवून म्हणायची. झाले. तिला केस धरून ओढत नेले. दारात तिचा ओठ फुटला, कोठडीत दात पडला. मलाही नेले. खून झाला त्या रात्री मी लोहारशाळेतच होते. ती कुठे गेली नाही आणि मीही कुठे गेले नाही, हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते? पण मला कोण विचारणार!

"ज्या सांडशीनं मारलं, तीच सांडशी गोळा धरील," पुजारी म्हणाला. "आणि धरणारा तिचा नवराच."

आदल्या संध्याकाळी लोहार पुजाऱ्याच्या घरी गेला. तोंड घासून साफ करायला म्हणून त्याने मला कोठडीतून मागून घेतले होते. तो पुजाऱ्याच्या पाया पडला.

"महाराज, एवढंच मागतो. उद्याची प्रार्थना जरा लांबवा. त्या दिवशी लांबवली होती तशी."

पुजारी दिवा लावत होता. त्याचा हात मधेच थांबला.

"कशी लांबवली होती?"

"गोळा पार निवेपर्यंत, महाराज. सांडशी धरणाऱ्याला कळतं."

पुजाऱ्याने दार लोटून घेतले. "अजून कुणाला सांगितलंस हे?"

"कुणाला नाही. आई शप्पथ."

"प्रार्थना किती लांब असावी हे देव ठरवतो. जा तू आता."

लोहार बिचारा आशेने घरी आला. आपण काय करून बसलो हे त्याला समजलेच नाही. ज्याचे गुपित आपल्याला कळले आहे, त्याच्याकडेच तो दया मागायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी शेगडीतून मी गोळा उचलला तेव्हा तो पिवळा धगधगत होता. लोहाराची बायको समोर हात पसरून उभी होती. पुजाऱ्याने दोन ओळी म्हटल्या आणि डोळे उघडले.

"ठेव."

"महाराज..."

"ठेव! देव वाट पाहतोय."

लोहाराचे हात असे थरथरू लागले की माझी खीळ खडखडली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, नीट धरा. पायावर पडेल. ठेवा आता. मी आहे ना."

त्याने ठेवला. मित्रांनो, त्या आवाजाचे वर्णन मी करणार नाही. पाण्यात बुडताना मी चरचरले होते, तसाच आवाज होता, पण ते पाणी नव्हते. ती ओरडत चालली. मुठीतून धूर येत होता. उंबऱ्याशी गोळा खाली पडला, पण त्याच्याबरोबर कातडीही गेली.

तिसऱ्या दिवशी सगळे गाव अंगणात जमले. फास आधीच तुळईला बांधून ठेवला होता. पट्टी सोडली आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. हात कोपरापर्यंत काळानिळा सुजला होता.

"देवानं दाखवलं," पुजारी म्हणाला.

"अजून नाही दाखवलं," मागून लोहार म्हणाला.

त्याने शेगडी पेटवली होती. गोळा माझ्या तोंडात होता, पिवळाधमक. तो वाट काढत पुजाऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी म्हणतो, हा माणूस प्रार्थना हवी तशी ताणतो आणि हवी तशी आखडतो. मी खोटं बोलत असेन तर देव आहेच. महाराज, हात पुढे करा."

न्यायाधीशाने लोकांकडे पाहिले. एवढ्या लोकांना नाही म्हणणे त्याला जमले नाही. "महाराज," तो म्हणाला, "प्रार्थना सुरू करा."

पुजाऱ्याने सुरू केली. दोन ओळी झाल्या. इथे त्या बाईच्या हातावर गोळा ठेवला होता. पुजारी थांबला नाही. स्तुती झाली, पूर्वज झाले, पुन्हा स्तुती झाली. या वेळी कुणाचीही मान खाली नव्हती. सगळे गोळ्याकडे बघत होते. तो लाल झाला, तांबूस झाला, काळा झाला. पुजाऱ्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, शब्द अडखळत होते, पण तो थांबेना. त्याला थांबवेचना.

मग परटीण पुढे आली. तिने माझ्या तोंडातला गोळा आपल्या नुसत्या हाताने काढून घेतला आणि डोक्यावर उंच धरला.

"बघा, बायांनो. धरवतोय. माझ्या पोराला मारणाऱ्यानं असाच धरला होता."

पुढे जे झाले ते सांगताना मला अजून शरम वाटते. लोकांनी पुजाऱ्याला पायऱ्यांवरून खाली ओढले. दगड घेतले, शेगडी उलथली. "थांबा! त्याला बोलू द्या! जावयाचं नाव त्याच्या तोंडून येऊ द्या!" लोहार घसा फोडून ओरडत होता. कुणीतरी मला त्याच्या हातातून हिसकावले आणि पुजाऱ्याच्या तोंडावर हाणले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. माझा दांडा तेव्हा वाकला. कुणाची साक्ष नाही, कुणाला प्रश्न नाही, प्रार्थना तर नाहीच. आणि या गोंधळात जावई घोड्यावर बसून निघून गेला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याचे नाव सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि त्याचे तोंड लोकांनीच बंद केले.

लोहाराने मला घरी आणले, रक्त पुसले आणि या खिळ्याला टांगले. वाकलेला दांडा सरळ करणे त्याच्या डाव्या हातचा मळ होता. त्याने तो केला नाही. पुढे गाव मोठे झाले, लोखंडी सामान बाहेरून येऊ लागले आणि भट्टी विझली. माझ्या अंगावर आता गंज आहे.

मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. माझे मागणे वेगळे आहे. कधी कुणावर आळ आला, तर लोखंडाला विचारू नका, दगडाला विचारू नका आणि गर्दीला तर मुळीच विचारू नका. ज्या आईने अंगरखा धुतला तिला विचारा, आणि तिचे बोलणे पुरते ऐकून घ्या. तेवढे केले असते तर मला त्या अंगणात जावेच लागले नसते.

पुजारी त्याच दिवशी दुपारी देवळाच्या पायरीवर मेला. लोहाराच्या बायकोचा फास सोडला, पण हाताचे विष अंगात चढले होते. ती कापणीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, भात्याशेजारी अंथरलेल्या अंथरुणावर मेली.