निफाड सात

‘अकॉमोडेशन’ हा शब्द विमलाबाईंनी निम्मा टाइप केला होता, दोन्ही सी आणि दोन्ही एम नीट बसवत, तेवढ्यात त्यांच्या लाल गाडीशेजारची निळी गाडी टुणकन उडी मारून पुढे गेली. गाडीवर बारीक अक्षरांत नाव होतं, निफाड सात. विमलाबाईंनी शब्द पुरा केला, पुढचे तीन शब्दही केले, पण निळ्या गाडीने तोवर रेघ ओलांडली होती. पडद्यावर झेंडा फडफडला आणि विमलाबाईंच्या नावापुढे पहिल्यांदाच दोनचा आकडा आला.

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. खिडकीशी पेपर वाचत बसलेल्या जयरामांनी मान वर केली.

“काय झालं?”

“काही नाही. दुसरी आले.”

जयरामांनी पेपर खाली ठेवला आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

नाशिक रोडला स्टेशनच्या अलीकडे विमलाबाईंचं टायपिंग इन्स्टिट्यूट सव्वीस वर्षं चाललं. मशिनं होती तोवर पोरं येत राहिली. मग संगणक आले, मशिनं भंगारात गेली आणि दोन हजार चार साली विमलाबाईंनी पाटी उतरवली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून जयराम निवृत्त झाले तेही त्याच वर्षी. त्यानंतर तीन वर्षं विमलाबाईंची बोटं पोळपाटाच्या कडेवर, बसच्या खिडकीच्या दांडीवर, झोपेत चादरीवर चालत राहिली.

ललित त्यांचा जुना विद्यार्थी, आता कोर्टात स्टेनो. एकदा घरी आला तेव्हा त्याने ती बोटं पाहिली. महिन्याभरात त्याने त्यांच्या घरी जुना संगणक आणि इंटरनेटचं कनेक्शन बसवून दिलं आणि त्यांना हा खेळ दाखवला. एक उतारा समोर येतो. जसजसं टाइप करू तसतशी आपली गाडी पुढे सरकते. बाकीच्यांच्या गाड्या शेजारी दिसतात, मग ते देवळालीत असोत की सातपूरला. ललितने फक्त जुन्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी खोली उघडली आणि तिला पासवर्ड लावला. दर रविवारी सकाळी अकरा वाजता आठ-दहा जण जमायचे, कोणी घरून, कोणी सायबर कॅफेतून. गेले सहा महिने विमलाबाई पहिल्या येत होत्या. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट हल्ली सकाळी वळत नसे, म्हणून त्या साडेदहापासून कोमट पाण्यात हात घालून बसत.

दहा मिनिटांत ललितचा फोन आला.

“मॅडम, बघितलंत ना? जंप घेतली तिने.”

“घेतली म्हणजे?”

“विकत मिळते. कॅफेत कार्ड मिळतं, खरवडून नंबर टाकायचा. मग लांब शब्द आला की एक बटण दाबायचं, शब्द आपोआप पुरा. हे सरळ पैसे टाकून जिंकणं झालं. काहीजण म्हणतात, साइटनेच ठेवलंय तर चालतं. मी म्हटलं, मॅडमच सांगतील.”

“आहे कोण ही?”

“नाव सांगत नाही. जुनी विद्यार्थिनी, एवढंच लिहिते. आपल्याच कोणीतरी पासवर्ड दिला असणार. तुमच्या पुढे जायची लाज वाटायला हवी होती.”

“पुढे गेली त्याचं काही नाही, ललित. न टाइप केलेला शब्द टाइप केला म्हणून दाखवला, त्याचं आहे.” विमलाबाईंनी बोट चोळलं. “आपल्याकडे चुकलेल्या अक्षरावर दुसरं अक्षर मारलं तरी मी कागद फाडायला लावायचे. काढून टाक तिला.”

“काढतो,” ललित म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

बुधवारी सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर तिशीची एक बाई उभी होती, अंगावर साधी सुती साडी, काखेत पर्स, उजव्या हातात घेवड्याच्या शेंगांची पिशवी. डावा हात पदराआड होता. विमलाबाईंना चेहरा ओळखू आला नाही. चप्पल काढताना तिने दाराच्या चौकटीला डावा हात टेकवला, तेव्हा ओळख पटली. त्या हाताला फक्त अंगठा होता.

“मोहिनी,” विमलाबाई म्हणाल्या.

“लक्षात हाय का मी?” ती हसली. “मला वाटलं नव्हतं.”

लक्षात होतीच. मोहिनीची माणसं मूळची पेठकडची. द्राक्षाच्या छाटणीला निफाडला यायची आणि एका वर्षी तिथेच राहून गेली. आठ वर्षांची असताना चारा कापायच्या कडबाकुट्टीत तिची चार बोटं गेली. अठ्ठ्याण्णव साली ती निफाडहून रोज एसटीने क्लासला येऊ लागली. चार महिने आली. परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा विमलाबाईंनी तिला आत बोलावून सांगितलं होतं की ही दहा बोटांची पद्धत आहे, एका हाताने त्या वेगात बसणार नाही, उगाच नापासाचा शिक्का कशाला. चारही महिन्यांची फी त्यांनी पाकिटात घालून परत दिली होती. तेव्हा आपण चांगलं वागलो, असंच त्यांना वाटलं होतं.

जयरामांनी चहा आणून दिला. मोहिनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे, मग तिच्याखालच्या संगणकाकडे पाहत राहिली.

“मॅडम, निफाड सात मीच.”

विमलाबाईंनी आपला कप बाजूला ठेवला.

“भांडायला नाय आले. मला काढलं ते बरोबर असंल तर बरोबर. फक्त तुमच्या तोंडून ऐकावं वाटलं. मागच्या खेपेला पण तुम्हीच सांगितलं होतं, दुसऱ्या कोणाला पुढं केलं नव्हतं.”

“तू जंप विकत घेतलीस.”

“घेतली.” मोहिनीने कप खाली ठेवला आणि उजवा हात टेबलाच्या कडेवर पसरला. “मी एका वकिलाकडं टायपिंग करते, सात वर्षं झाली. स्पीड मिनिटाला अडतीस शब्द. त्याच्या वर जात नाय, लय करून बघितलं. लांब शब्द आला की या एका हाताला सगळ्या कीबोर्डभर फिरावं लागतं. जंप घेतली की तेवढं फिरणं वाचतं. बाकीचं मीच मारते.”

“मग अडतीसने खेळायचं. जिंकायलाच हवं का?”

“जिंकायचं नव्हतं. पण बाकीचे सगळे मागं राहतात. मला वाटलं, तुमच्यासंगं एकानं तरी खरं पळावं. तुम्हाला—”

ती थांबली. स्वयंपाकघरात जयराम गाळणी धूत होते, तो आवाजही थांबला.

“मागे राहतात म्हणजे?”

मोहिनी खाली बघू लागली. “मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल.”

“दाखव,” विमलाबाई म्हणाल्या.

संगणक सुरू व्हायला नेहमीसारखा वेळ लागला. मोहिनीने ललितच्या नावावर बोट ठेवलं, क्लिक केलं आणि एक पान उघडलं. विमलाबाईंनी ते कधी पाहिलं नव्हतं. नावावर क्लिक करता येतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. सोमवारी सरावात एकाहत्तर. मंगळवारी त्र्याहत्तर. रविवारी एक्कावन्न. मग पुन्हा सत्तर, बाहत्तर. रविवारी पन्नास. देवळालीची सिंधू आठवड्यात बासष्ट काढत होती, रविवारी एकोणपन्नास. मोहिनी पानं उघडत गेली आणि विमलाबाई चष्मा नाकावर घट्ट दाबून एकेक आकडा वाचत राहिल्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांचा स्वतःचा वेग अठ्ठावन्न होता, तेव्हा ललितचा रविवार सत्तावन्नचा होता. त्यांचा पंचावन्नवर आला तेव्हा त्याचा चोपन्न झाला. आता त्या बावन्नवर होत्या. पायरी पायरीने त्या खाली आल्या होत्या आणि त्यांची पोरं त्यांच्यामागे एक पायरी सोडून तितकीच खाली उतरली होती.

“अहो,” त्या मागे न वळता म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं?”

जयराम दारात येऊन उभे राहिले. “ललित एकदा बोलला होता. म्हणाला, काका, सांगू नका.” त्यांनी गाळणी हातातच ठेवली होती. “रविवारी तू दोन घास जास्त जेवायचीस, विमल.”

विमलाबाईंनी माऊस बाजूला केला. मोहिनीला वाटलं, आता त्या रागावतील किंवा रडतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या उठल्या, कप उचलले, आत जाऊन विसळले, पालथे घातले आणि हात पुसत परत येऊन तिच्यासमोर बसल्या.

“तुझा फॉर्म मी भरायला हवा होता,” त्या म्हणाल्या.

“नापास झाले असते, मॅडम.”

“झाली असतीस. पण भरायला हवा होता.”

मोहिनीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, “ते पाकीट मी घरी नव्हतं दिलं. त्या पैशांत पंचवटीतल्या एका दुकानातून जुना कीबोर्ड घेतला. संगणक नव्हता. नुसताच मांडीवर घेऊन बसायची.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

विमलाबाईंनी तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. शिकवताना त्या प्रत्येकाचं मनगट असंच धरायच्या, वर उचलून, सैल सोडायला लावून. मोहिनीने मनगट सैल सोडलं.

जेवून जा म्हटलं तर ती थांबली नाही, वकील दुपारी येणार होते. गल्लीच्या टोकापर्यंत विमलाबाई तिला सोडायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी ललितला फोन लावला.

“तिला परत घे.”

“मॅडम, पण नियम? आज ती घेतेय, उद्या सगळेच कार्ड खरवडतील.”

“ज्याला जंप लागते त्याने घ्यावी. का लागते ते कोणी विचारू नये.”

“मग मी पण घेऊ का?”

“घे की,” विमलाबाई म्हणाल्या. “सत्तरच्या स्पीडला लागत असेल तर घे.”

पलीकडे कोर्टाच्या आवारातल्या रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

“मॅडम,” अखेर ललित म्हणाला, “आम्ही कोणीच वाईट हेतूने—”

“मला माहीत आहे रे. जेवलास का?”

रविवारी विमलाबाईंनी कोमट पाण्यात हात घातले नाहीत. अकराला पाच मिनिटं असताना त्या खुर्चीत बसल्या. खोलीत नऊ नावं जमली होती, त्यात निफाड सात होतं. पडद्याच्या खालच्या चौकटीत त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, ‘आज कोणी थांबायचं नाही.’ सिंधूचं ‘हो मॅडम’ आलं. मग एकेक करून सगळ्यांचं आलं. ललितचं शेवटी आलं.

उतारा एका बंदराविषयी होता. पहिल्याच ओळीत सिंधू पुढे गेली, तिच्यामागून अजून दोघं. विमलाबाईंना ते दिसलं आणि छातीत काहीतरी लागलं, लागून निघून गेलं. त्यांची बोटं चालत राहिली. ताठ बोटामुळे ओ अक्षर उशिरा पडत होतं, त्यांनी ते पडू दिलं. निळी गाडी कधी मागे रेंगाळे, कधी टुणकन उडी मारून बरोबरीला येई. दोनदा ती शेजारून गेली, दोनदा त्यांनी तिला गाठलं. कितीतरी महिन्यांनी विमलाबाई खुर्चीच्या कडेवर सरकून बसल्या होत्या.

शेवटच्या ओळीत मोहिनीने एक उडी घेतली आणि रेघ ओलांडली, चौथी. समोर मोकळ्या रस्त्यावर आता एकच गाडी होती. हिरवी, ललितची. तिला एक शब्द उरला होता आणि ती उभी होती.

विमलाबाईंना तीन शब्द उरले होते. त्यांनी एक टाइप केला. हिरवी गाडी हलली नाही. त्यांनी आणखी एक केला. मग त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

बाकीच्या गाड्या एकेक करून शेजारून गेल्या. कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. दोन गाड्या रेघेच्या अलीकडे तशाच उभ्या होत्या.

जयराम पेपर घेऊन मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग विमलाबाईंच्या हातांकडे.

“बंद पडलं का?”

“नाही,” विमलाबाई म्हणाल्या. “ललितची वाट बघतेय.”