लाजाळू तीन

आखाडा बाळापूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात एक वनस्पती अशी आहे, जी सव्वीस वर्षांत वाळली नाही, वाढली नाही आणि कुणाला दिसलीही नाही. ती जर्नलमध्ये राहते.

प्रयोग क्रमांक सात : एक चौरस मीटर जागेतल्या वनस्पती मोजून घनता काढणे. निरीक्षण : हरळी चाळीस, गाजरगवत बारा, लाजाळू तीन. बारावीची पोरं दरवर्षी मागच्या वर्षीच्या पोरांचं जर्नल आणतात आणि उतरवून काढतात. मध्ये दोन दुष्काळ येऊन गेले, प्रयोगाच्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले, तरी लाजाळू तीनच.

शिकवायला माणूस कमी पडला म्हणून यंदा मला, इथूनच निवृत्त झालेल्या माणसाला, तासिकेवर बोलावलं. मी पोरांना चार खुंट्या आणि सुतळी घेऊन बाहेर काढलं. खुंट्या ब्लॉकच्या फटीत ठोकल्या, चौकोन आखला.

"सर, ह्याच्यात काय मोजावं? शिमिट?" मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

"फटी बघा," मी म्हणालो. "जीव कुठं राहतो ते त्याला विचारायचं, आपण ठरवायचं नाही."

मिना राठोड तेवढी खाली बसली. ती जवळच्या तांड्यावरून येते. शेतात निंदणीला जाणाऱ्या माणसाची नजर तिला आहे. बोटानं फटी चाचपत तिनं मोजलं : हरळी नऊ, घोळ दोन, गाजरगवत एक.

"सर, लाजाळू न्हाईच. शून्य लिवू का?"

"शून्य हेही निरीक्षणच असतं. जे नाही, ते का नाही, हाच तर पुढचा प्रश्न."

तिनं शून्य लिहिलं. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी घरी जाऊन लाजाळू तीन लिहिलं.

आठ दिवसांनी मिना स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. डोळे लाल. विभागप्रमुख स्वप्निल सर तिच्या जर्नलवर सही करत नव्हते. सही नाही तर प्रात्यक्षिकाला बसता येत नाही, आणि प्रात्यक्षिकाचे तीस गुण गेले की तिला हवी असलेली नर्सिंगची वाटच बंद.

मी स्वप्निल सरांकडे गेलो. माणूस वाईट नाही, फक्त शिस्तीचा.

"सर, एकोणचाळीस मुलांचं तीन येतंय आणि हिचं शून्य. चूक कुणाची असणार?" ते म्हणाले.

"तुम्ही मैदानात जाऊन पाहिलंत?"

"मैदानात कशाला? तक्ता आहे ना आपल्याकडं." त्यांनी कपाटातून एक पिवळं पडलेलं जर्नल काढलं. "हे मूळ. ह्याच्यावरून सव्वीस बॅच पास झाल्या."

मी पान उघडलं. तक्ता माझाच होता. त्या वर्षी मैदानावर तालुक्याचे कबड्डीचे सामने होते. बाहेर जाता येईना, म्हणून मी खुर्चीत बसून आकडे सांगितले होते. लाजाळू तर माझ्या घराच्या कुंपणापाशी होती. शोभेल म्हणून घातली.

मी तसं कबूल केलं. स्वप्निल सर घाबरून दाराकडे बघू लागले.

"हळू बोला सर! सव्वीस वर्षांचा निकाल आहे!"

"मग मुलीचं काय?"

त्यांनी बराच विचार केला. "तिला आकडा बदलायला लावणं योग्य नाही," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "त्यापेक्षा मैदानच जुळवून घेऊ."

परीक्षेच्या दिवशी सकाळी शिपाई देवलामामा वारंगा फाट्याच्या रोपवाटिकेतून लाजाळूच्या तीन कुंड्या घेऊन आले आणि चौकोनात ठेवल्या.

"आता मोज," स्वप्निल सर मिनाला म्हणाले. "तीन लिही, लगेच सही करतो."

"पण सर, ह्या कुंडीत हायत."

"वनस्पती आहे का नाही?"

"व्हय."

"चौकोनात आहे का नाही?"

मिनानं माझ्याकडे पाहिलं. सांगावंसं फार वाटत होतं, पण उत्तर सांगून मी एकदा काय केलं होतं ते समोरच उभं होतं. "तू बघशील ते लिही," एवढंच म्हणालो.

ती जर्नल उघडून बसली. तेवढ्यात गेटसमोरच्या चहावाल्या रूपाबाईची शेळी आत आली, सरळ चौकोनात गेली आणि पहिल्या कुंडीवर तोंड टाकलं.

"मामा, हाकला!" स्वप्निल सर ओरडले.

देवलामामा धावेपर्यंत पहिली कुंडी साफ झाली होती. शेळी दुसऱ्या कुंडीचा शेंडा घेऊनच हलली. नेमके त्याच वेळी हिंगोलीहून आलेले एक्स्टर्नल परीक्षक गाडीतून उतरत होते.

त्यांनी जर्नलं बघायला सुरुवात केली. एकोणचाळीस जणांनी लाजाळू तीन लिहिलं होतं. शेळी अजून गेटपाशी चघळत होती. मग मिनाचं पान आलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं :

"हरळी नऊ, घोळ दोन, गाजरगवत एक. लाजाळू शून्य. आज सकाळी लाजाळू तीन, कुंडीत, बाहेरून आणलेली. सव्वाअकराला दीड. शेळी एक, तीपण बाहेरून आलेली." त्यांनी चष्मा काढला. "वनस्पतींच्या तक्त्यात शेळी कशाला, बाळ?"

"खाणारं लिवल्याबिगर खाल्लेलं कुठं गेलं ते कसं कळंल, सर?"

"आमच्याकडंही तीनच असतात," परीक्षक पुटपुटले, कुणाकडे न बघता. मग पान उलटून म्हणाले, "हिच्या जर्नलवर सही का नाही?"

स्वप्निल सरांनी माझ्याकडे पाहिलं, कुंड्यांकडे पाहिलं, आणि खिशातून पेन काढलं. पण सही करताना त्यांचा हात थांबला.

"तारीख कोणती टाकू? निरीक्षण तर महिन्यापूर्वीचं."

"दोन्ही टाका सर," मिना म्हणाली. "तवाचं येगळं हाय, आजचं येगळं. अन् लवकर टाका, शेळी परत येऊन राहिली."