वालाचा पाला

इंदोऱ्याच्या वस्तीत कोणाच्या पोराला गळू झालं की आधी बायजाबाईचं दार, मग दवाखाना. तिची हिरवी भुकटी तेलात कालवून लावली की चौथ्या दिवशी जखम सुकायची. पैसा ती घेत नसे. मान घ्यायची, अन् त्यात कोणी कसूर केली तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

पाला कशाचा, हे तिनं सख्ख्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. नाव फोडलं की औषधाचा गुण जातो, असं तिला सासूनं बजावलं होतं. पण खोटं कशाला सांगा, खरं कारण वेगळंच होतं. ती भुकटी होती कंबरमोडीची. नालीच्या काठाला उगवते, लोक तुडवून जातात, ती. हे कळलं असतं तर बायजाबाईच्या दारात हात जोडून कोण उभं राहिलं असतं?

नात जया, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. एक दिवस जवळ येऊन बसली.

"आजी, तुह्या पाल्याची तपासणी करायची आहे मले. काचेच्या बशीत पुवाचे जंतू वाढवतो आम्ही. पाल्याच्या अर्कात कागदाच्या टिकल्या भिजवून त्यावर ठेवतो. औषधात दम असला तर टिकलीभोवती जंतू मरते, साफ गोल दिसते."

"चाळीस वर्षं लोकायचे गळू बरे केले, अन् आता बशी सांगन काय मले, दम आहे का नाही ते?"

"लोकायले माहीत आहे वं. कॉलेजले पुरावा लागते. एक फांदी दे ना."

"फांदी-बिंदी नाही भेटत. भुकटी भेटन."

सून वच्छला चक्कीवर गेली तशी बायजाबाईनं कुंपणावरच्या वालाच्या वेलाचा पाला ओरबाडला. सावलीत वाळवला, कुटला अन् बिस्किटाच्या डब्यात भरून नातीच्या हातात दिला. चार दिवस खेळेल पोरगी बशांशी, मग विसरेल. आपलं नाव शाबूत राहील.

पोरगी विसरली नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. रोज संध्याकाळी ती सायकल भिंतीला टेकवायची अन् आईला म्हणायची, "आज पण गोल नाही."

मग एका रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं. सरांनी विषय बंद करायला सांगितला होता. पुढच्या वर्षी नव्यानं सुरुवात.

"पुढच्या वर्षी कायची सुरुवात?" तिचा बाप नत्थू म्हणाला. "सोयरिकीचे पाहुणे थांबून राहिले का तोवर?"

वच्छलानं विचारलं, "सरांनी फांदी मांगितली होती ना वं? काहून नाही नेली?"

"मांगितली होती. बिनओळखीचा पाला घेत नाही म्हणे. मीच म्हटलं, सर, माही आजी खोटं नाही बोलत. म्हणून घेतला त्यायनं. अर्क काढाले मीच चुकली असन."

बायजाबाईनं तेव्हाच खरं सांगायचं होतं. पण तिच्या तोंडातून निघालं, "तू नाही चुकली. तुह्या मास्तरचंच डोकं सडलं आहे."

जया हसली. रडवेल्या चेहऱ्यानं, आजीनं आपली बाजू घेतली म्हणून हसली. ते हसू बायजाबाईच्या छातीत रुतलं.

सकाळी तिनं नालीकाठची कंबरमोडी मुळासकट उपटली, पेपरात गुंडाळली अन् रिक्षा करून कॉलेज गाठलं. प्रयोगशाळेत जया अन् बाकीची पोरं होती. सरांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"सर, इची काही चूक नाही. मी वालाचा पाला देल्ला होता. खोटा. औषध हे आहे."

सरांनी पेपर उलगडला. "ही तर कंबरमोडी. आमच्या गावी पोरंसुद्धा चोळतात जखमेवर."

"हो. तेच."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं; हसणाऱ्याचं तोंड कसं बंद करायचं ते तिला ठाऊक होतं. सर शांतपणे म्हणाले, "प्रबंध द्यायला सव्वा महिना आहे. जया आजच कामाला लागली तर होईल कदाचित. गोल पडेलच, असं मात्र मी सांगू शकत नाही." मग ती कधी तोडता, कशी वाळवता, विचारत गेले अन् लिहून घेत गेले. बायजाबाईनं सगळं सांगितलं. आयुष्यभर झाकलेलं एका पानावर मावलं.

जया पाठमोरी उभी राहून नळाखाली बाटल्या धूत होती.

"जया, बोल ना वं काही."

"काय बोलू, आजी? साऱ्यायसमोर तुह्या नावाची हमी देल्ली होती मी."

उभ्या वस्तीला गप्प करणाऱ्या बाईनं पेपरातली कंबरमोडी जवळ ओढली. मग ती हळूच म्हणाली, "पानं खुडून देऊ का?"

जयानं मागं पाहिलं नाही.

"खुड. किडकी बाजूला काढ," ती म्हणाली, "अन् या बारीनं मी एक-एक पान पाहून घेईन."

बायजाबाई कोपऱ्यात खाली बसली अन् मान खाली घालून पानं खुडू लागली.